आमच्याकडे दुखत नसतं

कागदावर माणसाची नुसती आकृती होती, एकदा पुढून आणि एकदा मागून, नाक-डोळे काही नाहीत, आणि खाली लिहिलं होतं : जिथे दुखतं तिथे लाल रंग भरा. कागदासोबत प्रत्येकाला एक लाल पेन्सिलही दिली होती. सकाळच्या तालमीआधी अर्धा तास आम्हा सगळ्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण ऑर्केस्ट्राच्या कार्यालयाला यंदा आमच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली होती. इतकी वर्षं वाटली नव्हती, ती एकदम वाटायला लागली. वाद्यं ठेवायच्या खोलीत तक्ते लागले : दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं विश्रांती घ्या, वाजवण्याआधी खांदे फिरवा, पाणी प्या, झोप पूर्ण करा, दुखलं तर लगेच सांगा. आणि हे सगळं करवून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट नेमली, तिशीतली, टवटवीत, पांढऱ्या बुटांची. दोन दिवसांत तिचं नाव 'खांदेवाली' पडलं. तर सत्तर माणसांनी लाल पेन्सिली हातात घेतल्या आणि शाळेत करावा तसा गोंधळ सुरू केला. डबलबासवाल्याने आकृतीच्या बाहेर, कोपऱ्यात, एक गोल काढून तो लालभडक केला आणि त्याला बाण जोडून लिहिलं, 'छडीवाले'. छडीवाले म्हणजे आमचे कंडक्टर. तो कागद हातोहात फिरला, आणि बाकीच्यांनी आपापले कागद कोरे दिले. मीही कोराच दिला. दुखतं असं लिहून देणारा वाजवणारा मी अजून पाहिलेला नाही. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एकीने खांद्याबद्दल तोंड उघडलं होतं. तिला सहा आठवडे विश्रांती दिली, मग आणखी सहा दिले, मग निरोपाची फुलं दिली. दोनच दिवसांनी ज्या खुर्चीसाठी ऑडिशन व्हायची होती ती तिचीच, दुसऱ्या व्हायोलिनांमधली शेवटची.

खांदेवालीने कोऱ्या कागदांचा गठ्ठा चाळला. मला वाटलं होतं रागावेल, पण ती नुसती हसली. "मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "तुम्ही लोक सगळे एका माळेचे मणी. काल संगीत महाविद्यालयात हेच कागद दिले होते. तिथे एक मुलगी, व्हायोलिनची, शेवटच्या वर्षाला. कागद कोरा. मी तिचं डावं मनगट नुसतं दोन बोटांनी दाबलं, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि तोंडाने काय म्हणते माहितीये? म्हणते, 'आमच्याकडे दुखत नसतं.' आता बोला." सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि हसता हसताच मधेच थांबले, कारण ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं, आणि ते माझ्याशिवाय जगात एकाच माणसाच्या तोंडी होतं. माझ्या लेकीच्या. ती तिच्या बाबांचं आडनाव लावते आणि मी माझं माहेरचं, त्यामुळे खांदेवालीला काही कळायचं कारण नव्हतं. ती पुढे पाण्याचे फायदे सांगत राहिली आणि मी हातातल्या लाल पेन्सिलीचं टोक अंगठ्याने दाबत बसले, ते मोडेपर्यंत.

मग तालीम सुरू झाली. माझी जागा दुसऱ्या व्हायोलिनांत तिसऱ्या स्टँडवर, आतल्या बाजूला, म्हणजे पानं उलटायचं काम माझं. शेजारी बसतो त्याला आम्ही 'घड्याळ' म्हणतो, कारण विश्रांतीच्या मात्रा मोजायला सगळा विभाग त्याच्या तोंडाकडे बघतो. वीस वर्षं आमचे दोघांचे डोळे एकाच कागदावर आहेत, आणि तरी त्याच्या घरच्यांबद्दल मला फारसं काही माहीत नाही. त्या सकाळी, दर हंगामात आम्ही वाजवतो त्या सिम्फनीचा तिसरा भाग होता, ज्यात आम्हाला सलग दीड पान नुसतं पळायचं असतं. ते पान जवळ आलं तसा मी नेहमीप्रमाणे गज तारेपासून केसभर वर उचलला. आता सांगतेच आहे तर सगळंच सांगते. माझ्या डाव्या हाताची करंगळी अकरा वर्षांपूर्वी मला सोडून गेली. त्याआधी दुखायचं कोपराच्या आतल्या बाजूला, मग ती कळ खाली उतरायची, आणि मी त्यावर वाजवत राहिले. एक-दोन महिने नव्हे, चार वर्षं. नळाखाली कोपर धरायचे, बाथरूमचं दार लावून, म्हणजे कुणी विचारायला नको. मग एक दिवस दुखायचं थांबलं. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी स्वतःसाठी नवा कोट घेतला. पुढच्या आठवड्यात कळलं की दुखायला जे लागतं तेच गेलंय. पेला हातात घेतला तर तो गरम की गार हे बाकीची बोटं सांगतात, करंगळी नुसती सोबत असते. तारेवर ती पडते कुठे हे मला बघावं लागतं, आणि बघून वाजवणाऱ्याला त्या वेगात काही करता येत नाही. सोप्या जागी मी तिच्याऐवजी तिसरं बोट सरकवते. अवघड जागी नुसतं नाटक करते. बोटं नाचतात, हात पुढे-मागे जातो, मान डोलते, आवाज नाही. चौदा जणांत एक कमी झाला तर कुणाला कळतं? उलट झालं असं की आवाज काढायची जबाबदारी नसल्यामुळे मी त्या दीड पानात फार देखणी वाजवते. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने फोटोवाला आणला होता, त्याने सत्तर जणांतून मला निवडलं. डोळे मिटलेले, मान कललेली, तल्लीन. हंगामाच्या जाहिरातीवर तो फोटो शहरभर लागला होता, आणि मला ओळखणारी माणसं रस्त्यात थांबवून सांगायची, किती रंगून वाजवता हो तुम्ही.

त्या दिवशी मात्र मला ते नाटकही धड जमेना. मनगट, मनगट, एवढंच डोक्यात चाललं होतं. कुठे दाबलं असेल तिने? अंगठ्याच्या मुळाशी की आत, शिरांवर? किती दिवसांचं असेल? गेल्या महिन्यात तिने दरवाजा खांद्याने ढकलून उघडला तेव्हा मी म्हणाले होते, हात मोडलेत का गं, आणि ती म्हणाली होती, पिशव्या आहेत ना. पिशवी एकच होती, आणि ती उजव्या हातात होती. मी बघितलं होतं, आणि कानाडोळा केला होता. केस बांधायचं सोडून तिने ते कापून टाकले, तेही दिसलं होतं. डब्याचं झाकण बाबांकडून उघडून घेते, ते दिसलं होतं. मला तर हे सगळं दुसऱ्या कुणाच्याही आधी कळायला हवं होतं, कारण ह्यातली एकूण एक युक्ती मी स्वतः केलेली आहे. पान उलटायला मी दोन मात्रा उशीर केला. वीस वर्षांत पहिल्यांदा. छडीवाल्यांनी इकडे पाहिलं आणि घड्याळने पटकन हात पुढे करून पान उलटलं.

मधल्या सुट्टीत तो चहाच्या यंत्रापाशी माझ्या मागे येऊन उभा राहिला. "परवा आहे ना पोरीची ऑडिशन?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "तयारी?" "सात तास वाजवते रोज." "वा," तो म्हणाला, आणि कागदी पेला फुंकत बसला. मग म्हणाला, "हात बरा आहे ना तिचा?" मी म्हणाले, "तुला काय करायचंय?" आवाज जरा चढलाच, कारण दोन-तीन जणांनी वळून पाहिलं. घड्याळ चिडत नाही, तो त्याचा स्वभाव नाही. त्याने पेला खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "मला काही करायचं नाही गं. पण वय झालंय माझं. मला दोघींच्या वाटचं वाजवता यायचं नाही." आणि तो खांदे फिरवत निघून गेला. अकरा वर्षं तो त्या दीड पानात थोडं जोरात वाजवतो, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. पण आम्ही आजवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि ज्या दिवशी काढलं त्या दिवशी मला त्याच्या पाया पडावं की त्याच्या थोबाडीत मारावी हे कळेना.

तालीम दुपारी संपली. मी बस न घेता चालत निघाले. दुकानांच्या काचांत माझं मलाच दिसत होतं : डावा खांदा वर, मान थोडी तिकडे, व्हायोलिन हातात नसतानाही. मला शिकवणाऱ्या सरांचा खांदा असाच होता, आणि आम्ही त्यांच्या विद्यार्थिनी आरशात बघून तसा खांदा करायला शिकलो होतो, सरांसारखं दिसावं म्हणून. सर म्हणायचे, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. जिचा हात दुखत नाही ती घरी बसून काही करत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता, म्हणून आम्ही एकमेकींना दुखण्याच्या फुशारक्या मारायचो. हनुवटीखाली चट्टा उठला की तो लपवायचा नाही, मिरवायचा. आणि क्लास संपला की सरांच्या कोटाची बटणं मी लावून द्यायचे. सतरा-अठरा वर्षांची असेन. तो मान फक्त माझा, बाकीच्या जळायच्या. सर छाती पुढे करून उभे राहायचे, दोन्ही हात मागे, आणि मी खालून वर एकेक बटण लावायचे. ह्या माणसाला स्वतःची बटणं का लावता येत नाहीत, असं मला एकदाही वाटलं नाही. आज रस्त्याच्या मधोमध ते वाटलं. मी तिथेच थांबले आणि मागून येणारी बाई मला धडकून, पुटपुटत पुढे गेली. मला सरांचा इतका राग आला की ते समोर असते तर मी त्यांना तसंच उघड्या कोटाने थंडीत घालवलं असतं. पण राग सरांवर काढून काय उपयोग? सर तर केव्हाचे गेले. लेक नऊ वर्षांची असताना माझ्याकडे आली होती, मनगट पुढे करून, आई इथे दुखतंय म्हणत. मी तेव्हा नुकतीच बाथरूममधून बाहेर आले होते, बाही ओली होती. मी तिच्या पोटाला गुदगुल्या करत म्हणाले, दुखतं ते दुसऱ्यांकडे, आमच्याकडे दुखत नसतं. ती हसून हसून लोळली. मग तो आमच्या घरातला विनोदच झाला. गुडघा फुटला, आमच्याकडे दुखत नसतं. दात काढला, आमच्याकडे दुखत नसतं. तिचे बाबा शाळेत भूगोल शिकवतात, घरातलं एकमेव धडधाकट माणूस, कारण त्यांना काही वाजवता येत नाही. ते एकदा म्हणाले होते, तुम्हा दोघींना दुखत नाही आणि मला मात्र ऐकून ऐकून डोकं दुखतं. आम्ही दोघी त्यांना हसलो होतो.

मी ठरवलं, आज, आत्ता, घरी गेल्या गेल्या तिला थांबवायचं. जिना चढता चढता वाक्यं जुळवली. मला भीती वाटत होती हे खरं आहे, आणि ती नुसती तिच्या हाताची नव्हती. तिला सगळं सांगितलं म्हणजे मी कोण आहे हे तिला कळणार, आणि तिच्याकडून ते कुठे जाईल सांगता येत नाही. माझी फुलं कार्यालयाने मागवायला किती दिवस लागतात? आणि त्याहून वाईट, जे मी स्वतःशीही नीट बोलले नव्हते : ती खुर्ची तिला मिळावी असं मला वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मला ती हवी होती, हावरटासारखी हवी होती. दुसऱ्या व्हायोलिनांत आमच्या घरचं कुणीतरी खरंखुरं वाजवणारं बसलेलं मला बघायचं होतं. ऑडिशन पडद्याआड होते, वाजवणारा कोण ते कळू नये म्हणून, आणि खाली गालिचाही अंथरतात, टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हेही कळू नये म्हणून. म्हणजे वशिला नाही, दया नाही, फक्त हात. आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पहिल्यापासून. दाराशी आले तर आतून तिचं वाजवणं चालू होतं. मी किल्ली हातात धरून उभी राहिले. ओळ मधे तोडायची नाही, ही सवय हाडांत गेलेली. ती ओळ संपवून थांबली, मग मी दार उघडलं.

खोलीची खिडकी बंद होती, हवा कोंदट झाली होती. तिने मला बघून डाव्या हाताची बाही खाली ओढली. "आई, आज लवकर कशी?"

"हात बघू."

"कशाला?"

"बघू म्हटलं ना."

तिने आधी उजवा पुढे केला, चेष्टेने, मग माझं तोंड बघून डावा. मनगट सुजलेलं होतं, फार नाही, माहीत नसलेल्याला कळलंही नसतं. मी दाबलं नाही. तसाच हात धरून तिला कॉटवर बसवलं, शेजारी बसले आणि जिन्यात जुळवलेली वाक्यं बोलायला लागले, पण ती त्या क्रमाने आलीच नाहीत. मी म्हणाले, मला दुखायचं, चार वर्षं दुखायचं, मी तुला खोटं सांगत होते. मग करंगळीतलं सगळं गेलं. आता ह्या बोटावर तू सुई टोचलीस तरी मला कळणार नाही. मी तिसऱ्या भागातलं ते पान वाजवत नाही, अकरा वर्षं वाजवलेलं नाही, नुसता गज फिरवते. सांगताना मला वाटत होतं आता ही रडेल, किंवा हात सोडवून घेईल, किंवा निदान विचारेल, का.

ती मोकळ्या उजव्या हाताने गजाचा स्क्रू सैल करत होती. "मला माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"तेच. कार्यक्रमाला मी वरच्या सज्जात बसते ना, तुझ्या डोक्यावर. तिथून तुझं बोट दिसतं, हवेतच असतं. आणि गज पण."

"केव्हापासून?"

"चौदा वर्षांची असेन."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुठे बोलली होतीस?" हे ती टोचून म्हणाली नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, म्हणून जास्त लागलं. "आधी मला वाटायचं, असंच असतं. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रात बसायचं तर हे पण यावं लागतं. मी करून पण बघितलंय, आरशासमोर. आवाज न काढता. पण तुझ्यासारखं नाही जमत मला. माझी मान नाही डोलत, लगेच कळतं खोटं आहे ते." आणि ती थोडं हसली.

इतकी वर्षं मी समजत होते की मी तिला सूर दिला, गजाची चाल दिली, सकाळी लवकर उठून बसायची शिस्त दिली. खोटं तेवढं मी लपवलं असं मला वाटत होतं. आणि तिने सज्जात बसून नेमकं तेच उचललं होतं, मन लावून, चांगल्या विद्यार्थिनीसारखं. बाहेरच्या खोलीतून तिच्या बाबांनी विचारलं, चहा टाकू का तुमचा, आणि आम्ही दोघी एकदम म्हणालो, हो.

"मग आता काय करू?" तिने विचारलं. "थांबू? कॉलेजात आलेली ती बाई म्हणाली, दोन महिने हातच लावायचा नाही. नाहीतर कायमचं होईल म्हणाली. तू सांग. तू म्हणशील तर उद्या फोन करून कळवते, येत नाही म्हणून."

ती खरंच विचारत होती. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि माझ्या लक्षात आलं की तिला थांबायचंय. एवढं एकदा कुणीतरी तिला सांगावं, मोठ्या माणसाने, आणि तो निर्णय तिच्या डोक्यावरून उतरावा. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द घेऊनच मी तीन जिने चढून आले होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती शेवटची खुर्ची आली. ह्यानंतरची जागा केव्हा निघेल? कुणी निवृत्त होईल, कुणी मोडेल, सहा वर्षांनी, आठ वर्षांनी. तोवर ही कुठल्या तरी शाळेत लहान पोरांना गज धरायला शिकवत असेल. दोन महिने आज थांबली काय आणि तीन दिवसांनी थांबली काय. तीन दिवसांत असं काय होणार आहे? मी तर चार वर्षं काढली.

"परवा होऊन जाऊ दे," मी म्हणाले. "मग थांब. मग दोन महिने अजिबात हात लावायचा नाही. तोवर पन्नास मिनिटं झाली की दहा मिनिटं थांबायचं, आणि रोज शेकायचं."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन निघून गेलं, आणि मग तिने मान हलवली, आज्ञाधारकपणे, जशी लहानपणी हलवायची. "हो," ती म्हणाली. "मला पण तेच वाटत होतं." तिने गज पुन्हा कसला. उजव्या हाताने व्हायोलिन उचलून खांद्यावर ठेवलं, मग डावा हात खालून आणला, सावकाश, जागेवर बसेपर्यंत. "आई, आलीच आहेस तर ते दुसरं पान ऐक ना. चौथ्या ओळीत जरा घसरतंय मला."

मी कॉटवर तशीच बसून राहिले. ती वाजवू लागली. पहिल्या तीन ओळी सुंदर होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर. चौथ्या ओळीला तिने खालचा ओठ दातांखाली धरला, तो पांढरा पडला, आणि ती तशीच शेवटपर्यंत गेली.

"सुरात आहे," मी म्हणाले. "पण मधे श्वास कोंडतेस. पुन्हा घे."